मागील आसनावरील प्रवासी : ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेन्टेनन्स’मधील डकोटाचा दिवस

रॉबर्ट एम. पिर्सिग (१९२८-२०१७) यांचे ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेन्टेनन्स’ हे पुस्तक १९७४ च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध झाले. १२१ प्रकाशकांनी नाकारलेल्या या हस्तलिखिताच्या पुढे लक्षावधी प्रती खपल्या, ही हकीकत आता पुस्तकापेक्षाही अधिक परिचित झाली आहे. ‘मूल्यांचा शोध’ असे या पुस्तकाचे उपशीर्षक आहे आणि त्याविषयी झालेली बहुतेक चर्चा याच शोधाभोवती फिरते. गुणवत्ता म्हणजे काय, ती वस्तूत असते की पाहणाऱ्याच्या मनात, अभिजात आणि स्वच्छंदतावादी आकलनांतील दरी कशी बुजवावी, हे त्या चर्चेतील मुख्य प्रश्न होत. भारतीय वाचकाचे लक्ष साहजिकच आणखी एका ठिकाणी खिळते. निवेदकाचे पूर्वीचे व्यक्तिमत्त्व, म्हणजे फीड्रस, बनारस हिंदू विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकत असतो. जग मायारूप आहे असे शिकविणाऱ्या प्राध्यापकांना तो हिरोशिमा व नागासाकीविषयी विचारतो, होकारार्थी उत्तर ऐकतो आणि वर्ग सोडून निघून जातो. हा प्रसंग वारंवार उद्धृत व्हावा असाच आहे. परंतु या साऱ्या चर्चेत मोटारसायकलवरील प्रत्यक्ष प्रवास ही केवळ तत्त्वविचार टांगण्याची खुंटी ठरते. आरंभीची सुमारे सत्तर-ऐंशी पाने, म्हणजे मिनेसोटा आणि डकोटाचा सपाट मुलूख, वाचक घाईने ओलांडतात आणि बोझमनच्या डोंगरांत, जेथे ‘खरा’ विचार सुरू होतो, तेथे जाऊन स्थिरावतात. या पानांत पुस्तकाच्या तत्त्वज्ञानाची कसोटी लागते आणि त्या कसोटीला ते पूर्णपणे उतरत नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ज्या प्रवासावर हे कथन आधारलेले आहे तो १९६८ च्या जुलै महिन्यात घडला. निवेदक, मागील आसनावर त्याचा अकरा वर्षांचा मुलगा क्रिस, आणि दुसऱ्या गाडीवर जॉन व सिल्व्हिया सदरलंड हे दांपत्य मिनियापोलिसहून पश्चिमेकडे निघतात. पहिल्या दिवशी रेड नदीच्या खोऱ्यात वादळ गाठते आणि मोटेलमध्ये मुक्काम पडतो. दुसरा दिवस येथे विशेष महत्त्वाचा आहे. पहाटेच्या बोचऱ्या थंडीत सुरू झालेली ही मजल एलेनडेल, हेग, हेरीड अशा गावांवरून जाते, मोब्रिजपाशी मिसुरी ओलांडते आणि लेमन या गावाजवळ उघड्यावर तळ ठोकून संपते. सकाळी काकडणारी माणसे दुपारी उन्हाने हैराण होतात आणि रात्री अर्धवट शिजलेल्या, अर्धवट करपलेल्या जेवणावर एकमेकांवर चिडतात. घडते ते एवढेच. कथानकाच्या रूढ अर्थाने या दिवसात काहीच घडत नाही.

मैदानी प्रदेशाच्या वर्णनाची हीच अडचण असते. डोंगराळ प्रदेशात दृश्य स्वतःहून बदलत राहते. वळणावळणावर लेखकाला काहीतरी सांगण्यास मिळते. सपाट प्रदेशात दृश्य बदलत नाही, अंतर तेवढे बदलते. डकोटातील या एकसारखेपणाला निसर्गाइतकाच इतिहासही कारणीभूत आहे. १७८५ च्या भूमापन अध्यादेशापासून अमेरिकेच्या मध्य व पश्चिम भागातील जमीन एकेक मैल बाजूच्या चौकोनांत मोजली गेली आणि रस्ते त्या चौकोनांच्या कडांवरून सरळ रेषेत आखले गेले. गावे पुष्कळदा रेल्वे कंपन्यांनी वसविली. ‘मिलवॉकी रोड’ या कंपनीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आपला मार्ग प्रशांत महासागराच्या दिशेने वाढविला, तेव्हा लेमन व मोब्रिज ही गावे उदयास आली. मोब्रिज हे नावदेखील ‘मिसुरीवरील पूल’ याच्या तारयंत्रातील संक्षेपावरून पडले, असे सांगतात. ठरावीक अंतरावर स्थानक, स्थानकालगत धान्याचे उंच कोठार, एक मुख्य रस्ता आणि त्यावरील दोन-चार दुकाने असा हा साचा आहे. एक गाव पाहिले की पुढचे गाव पाहिल्यासारखेच वाटते. हेगच्या आसपास शंभरावे पश्चिम रेखावृत्त जाते. त्याच्या पश्चिमेस पाऊस इतका कमी पडतो की सिंचनावाचून शेती भरवशाची राहत नाही, असे भूशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ च्या आपल्या अहवालात मांडले होते. पिर्सिगचा निवेदक रेखावृत्ताचा उल्लेख करीत नाही, पण त्याची नजर ते ओळखते. कुंपणे विरळ होत आहेत आणि हिरवा रंग फिका पडत आहे, एवढ्या दोन तपशिलांवरून उंचावरचे मैदान जवळ आले हे तो टिपतो. निरीक्षक म्हणून त्याचे सामर्थ्य अशा ठिकाणी निर्विवाद दिसते.

बाहेर पाहण्यासारखे फारसे उरले नाही की लक्ष जवळच्या गोष्टींकडे वळते. इंजिनाचा आवाज, साखळीचा ताण, तेलाची पातळी, हवेतील गारवा, सोबत्याच्या बोलण्यातील किंचित चढलेला सूर या गोष्टी मैदानात मोठ्या होतात. यंत्राकडे आस्थेने लक्ष देणे हाच गुणवत्तेचा प्रारंभ होय, हे पुस्तकाचे मध्यवर्ती प्रतिपादन येथेच रुजते आणि त्याला हा मुलूख मनापासून साथ देतो. जॉनच्या गाडीचे सैल झालेले हँडल बसविण्यासाठी बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी वापरावी, असे निवेदक सुचवितो, तेव्हा जॉन दुखावला जातो. त्याच्या महागड्या जर्मन गाडीला डब्याचा पत्रा लावणे हा त्याला अपमान वाटतो. निवेदकाच्या दृष्टीने तो पत्रा म्हणजे मऊ, चिवट, न गंजणारा धातू, या कामासाठी अगदी योग्य. जॉनला दिसतो तो फेकून द्यावयाचा डबा. एकाच वस्तूकडे पाहण्याच्या दोन रीती इतक्या घरगुती उदाहरणातून मांडणारे तत्त्वचिंतन विरळाच. पिर्सिग यांनी आयुष्यातील काही वर्षे यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिण्यात घालविली होती. त्या सरावाचे हे फळ मानण्यास हरकत नाही.

मात्र याच लक्ष देण्याच्या तत्त्वाला निवेदक एक मोठा दावा जोडतो. मोटारीतून जाणारा माणूस चौकटीतून पाहतो. काचेपलीकडचे जग त्याला दूरचित्रवाणीवरील चित्रासारखे असते आणि तो निष्क्रिय प्रेक्षक राहतो. मोटारसायकलवर ती चौकट नाहीशी होते, माणूस दृश्याच्या आत असतो, पायाखालून सरकणारा रस्ता खरा असतो. पहिल्याच प्रकरणातील हा विचार पुढे असंख्य वाचकांनी आपलासा केला. त्याला जवळजवळ दुचाकीस्वारांच्या जाहीरनाम्याचे स्वरूप आले. परंतु हा दावा कोणत्या आसनावरून केला जात आहे, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. तो पुढील आसनावरून केला जात आहे. मराठी बोलीत ज्याला ‘डबलसीट’ म्हणतात त्या जागेवर बसलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांसमोर चौकट आहेच, आणि ती काचेपेक्षाही अपारदर्शक आहे. ती म्हणजे बापाची पाठ.

पुस्तकाच्या अगदी प्रारंभी एक लहानसा प्रसंग येतो. दलदलीच्या कडेने जाताना निवेदकाला लाल पंखांचे काळे पक्षी दिसतात. तो क्रिसच्या गुडघ्यावर थाप मारून बोट दाखवितो. वाऱ्याच्या आवाजात क्रिसला ऐकू येत नाही, तो ओरडून विचारतो, बापालाही ओरडूनच सांगावे लागते. शेवटी मुलगा कळवितो की असले पक्षी त्याने खूप पाहिले आहेत. निवेदक यावरून असा निष्कर्ष काढतो की अशा गोष्टींचे अप्रूप वाटण्यासाठी वय वाढावे लागते. हा निष्कर्ष सोईस्कर आहे. बापाच्या मनात त्या पक्ष्यांशी जुन्या आठवणी जडलेल्या आहेत, मुलाच्या मनात नाहीत, एवढे खरे. पण आणखी एक साधे कारण निवेदकाला सुचत नाही: दाखविणारा पुढे आहे, पाहणारा मागे आहे आणि दाखविलेली गोष्ट तोवर मागे पडलेली असते. ज्या निवेदकाला इंजिनाच्या आवाजातील बारीकसा फरक कळतो, त्याला मागून येणाऱ्या आवाजातील कंटाळा वयाच्या खाती टाकावासा वाटतो. मैदानावरील पुढील दोन दिवस याच विसंगतीने भरलेले आहेत.

दुसऱ्या दिवसाच्या अखेरीस, लेमनजवळच्या तळावर, ती उघड होते. क्रिस जेवण नाकारतो, पोट दुखते म्हणतो, अंधारात निघून जातो. निवेदक मग सदरलंड दांपत्याला सांगतो की डॉक्टरांना शारीरिक दोष आढळला नाही, मानसोपचारतज्ज्ञांनी ही मानसिक आजाराची प्रारंभिक लक्षणे असल्याचे म्हटले. पण तेथे उपचार घेणे आपल्याला योग्य वाटले नाही, कारण ती माणसे आपली, रक्ताची नव्हेत. स्वतः विद्युत-आघातांच्या उपचारातून गेलेल्या माणसाची ही भीती समजण्याजोगी आहे आणि पिर्सिग यांनी ती कोणताही आव न आणता मांडली आहे. तरीही त्या दिवसाचा हिशेब पाहिला तर रक्ताच्या माणसाने काय केले? सकाळपासून रात्रीपर्यंत त्याने मनातल्या मनात प्रवचन केले. बनारसच्या वर्गात मायावादाचे प्रतिपादन आणि हिरोशिमाचे दुःख यांतील अंतर ज्याला सहन झाले नव्हते, तोच आता तत्त्वविचार आणि हाताच्या अंतरावर बसलेल्या मुलाचे दुःख यांच्यात तसेच अंतर राखून चालला आहे. फीड्रसला जे दिसले ते निवेदकाला दिसत नाही. पिर्सिग यांना हा विरोध अभिप्रेत होता काय? पुस्तकाचा शेवट लक्षात घेता होता, असेच म्हणावे लागते. परंतु मैदानावरील प्रकरणांत तो इतका दबलेला आहे की अनेक वाचक निवेदकाचा शब्द हाच लेखकाचा शब्द समजतात.

प्रवचन हा शब्द येथे सहज वापरलेला नाही. निवेदक आपल्या चिंतनाला ‘शटॉक्वा’ म्हणतो. न्यूयॉर्क राज्यातील शटॉक्वा सरोवराकाठी १८७४ मध्ये सुरू झालेल्या उन्हाळी शिबिरांतून हे नाव आले. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-अडीच दशकांत फिरते तंबू घेऊन वक्ते, गायक व नट गावोगाव जात आणि शेतकरी कुटुंबांना ज्ञान व करमणूक एकत्र देत. (पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ ची, हा केवळ योगायोग, पण भाषणातून लोकशिक्षण साधण्याची हौस त्या काळात दोन्हीकडे होती.) रेडिओ व बोलपट आले आणि तंबू मिटले. आपण त्या परंपरेचे पुनरुज्जीवन करीत आहोत, असा निवेदकाचा दावा आहे. त्यातील विपर्यास लक्षात घेण्यासारखा आहे. फिरता शटॉक्वा ज्या गावांसाठी होता, त्याच प्रकारच्या गावांतून हा नवा शटॉक्वा जातो, मात्र तेथील कोणालाही तो ऐकू जात नाही. तो शिरस्त्राणाच्या आत चालतो. कीर्तनकाराने गावात यावे, देवळात उतरावे, पूर्वरंग-उत्तररंग मनातच म्हणावा आणि सकाळी निघून जावे, तसा हा प्रकार आहे. श्रोता म्हणून उरतो तो पुस्तकाचा वाचक. आणि तो बहुधा शहरातला असतो.

गावांच्या बाबतीत निवेदकाची भूमिका सद्भावनेची आहे, यात शंका नाही. तो महामार्ग टाळून दुय्यम रस्ते निवडतो. अशा रस्त्यांवरील माणसे घाईत नसतात, वाट विचारली तर गप्पा होतात, ती ‘येथे आणि आता’ जगतात, अशी त्याची धारणा आहे. धारणा म्हणून ती सुखद आहे. पण त्या दिवसाच्या वर्णनात गावांतील माणसे व्यक्ती म्हणून जवळजवळ येतच नाहीत. एलेनडेल ऊब मिळण्याचे ठिकाण, हेग पुढची वाट ठरविण्याचे, हेरीड सावलीत बसण्याचे. प्रत्येक गाव प्रवाशाच्या गरजेएवढेच. गावकऱ्यांची निवांत वृत्ती स्तुतिपात्र ठरते, मात्र त्या निवांतपणामागे काय आहे याची विचारपूस होत नाही. १९६० च्या दशकात या पट्ट्यातील कितीतरी लहान गावांची वस्ती ओसरत होती, शेते मोठी होत होती, तरुण बाहेर पडत होते. रिकामा रस्ता आणि रिकामा वेळ यांचे ते एक कारण होते. लक्ष देणे हेच ज्याचे तत्त्वज्ञान, त्याच्या लक्षातून हे निसटावे, याची नोंद समीक्षेने घ्यावयास हवी. माइल्स सिटीला पोहोचल्यावर सुटे भाग विकणारा एक दुकानदार मात्र ठसठशीतपणे उभा राहतो. तो यंत्राच्या जगातला असल्यामुळे निवेदकाची नजर त्याच्यावर ठरते.

मोब्रिजच्या पुलाचे उदाहरण याहून गंभीर आहे. त्या ठिकाणी मिसुरी ही वाहती नदी राहिलेली नव्हती. दक्षिणेकडील ओआही धरणामुळे तेथे विस्तीर्ण जलाशय झाला होता. १९६२ मध्ये धरणाचे लोकार्पण झाले, म्हणजे या प्रवासापूर्वी अवघ्या सहा वर्षांनी. स्टँडिंग रॉक आणि शायेन रिव्हर या आदिवासी राखीव प्रदेशांतील नदीकाठची सुपीक जमीन, लाकूडफाटा देणारी झाडी आणि वस्त्या त्याखाली गेल्या. पुलाच्या पलीकडून लेमनकडे जाणारा रस्ता बराच काळ स्टँडिंग रॉकमधूनच जातो. सिटिंग बुल या लकोटा नेत्याची १८९० मध्ये हत्या झाली ती याच राखीव प्रदेशात. प्रवासी हा मुलूख एका दुपारी ओलांडतात. मूळ रहिवाशांना या दिवसांत जी लक्षात राहणारी जागा मिळते ती आदल्या रात्रीच्या मोटेलमधील भुतांच्या गप्पांत: क्रिसला त्याच्या शिबिरातील टॉम व्हाइट बेअर नावाच्या आदिवासी मित्राची आठवण होते, जो भुते मानतो. त्यावरून निवेदक गुरुत्वाकर्षणाचा नियम हेदेखील एक भूतच असल्याचे मोठ्या चातुर्याने सिद्ध करतो. युक्तिवाद रंजक आहे. परंतु आदिवासी मुलाने पाहिलेल्या भुतांचा न्यूटनपर्यंत प्रवास होतो, आणि दुसऱ्या दिवशी ती भुते ज्या जमिनीवर असावीत ती जमीन पायाखालून सरकून जाते. सतरा वर्षांनी, १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लायला’ या पुस्तकात पिर्सिग यांनी आदिवासी जीवनदृष्टीचा अमेरिकन संस्कृतीवरील प्रभाव हा विषय विस्ताराने घेतला. पहिल्या पुस्तकातील उणीव त्यांना जाणवली असावी, असा तर्क करता येतो. तो विषयही अखेर सिद्धांत म्हणून येतो, ही गोष्ट वेगळी.

या सर्व आक्षेपांनंतरही डकोटाचा दिवस वाचकाच्या मनातून जात नाही. त्याचे श्रेय एका गोष्टीला द्यावे लागते. लेमनच्या तळावर, क्रिस अंधारात गेल्यानंतर, निवेदकाला गटेची ‘एर्लक्योनिग’ ही कविता आठवते. बाप मुलाला घेऊन रात्री घोड्यावरून चालला आहे, मुलाला पिशाच्च दिसते, बाप ते धुके आहे, पाने आहेत, असे समजावितो. अखेरीस पिशाच्च जिंकते. निवेदक ही कथा सांगतो आणि तेथेच थांबतो. तिचा अर्थ लावीत नाही, तिच्यावर प्रवचन करीत नाही. एरवी प्रत्येक गोष्टीचे विश्लेषण करणाऱ्या या माणसाचे हे मौन पुस्तकातील सर्वांत अर्थपूर्ण जागांपैकी एक आहे. मुलाला जे दिसते ते बापाला दिसत नाही आणि बाप त्याला वाजवी कारणे देत राहतो, हे गटेच्या कवितेचे सूत्र या प्रवासाचेही सूत्र आहे. फरक एवढाच की १७८२ च्या त्या कवितेतील बापाने मुलाला हातात धरलेले आहे, त्याचा चेहरा त्याला दिसू शकतो. मोटारसायकलवर मुलगा मागे आहे. पक्षी दाखविण्यासाठी त्याच्या गुडघ्यावर मारलेली थाप, एवढाच काय तो स्पर्श.

पुस्तकाच्या अंतिम पानांवर, कॅलिफोर्नियात, बाप व मुलगा शिरस्त्राणे काढतात. क्रिस पायटेकणीवर उभा राहतो, बापाच्या खांद्यांवर हात ठेवतो आणि त्याला पलीकडचे दिसू लागते. मिनेसोटापासून जी चौकट त्याच्यापुढे होती ती येथे प्रथमच दूर होते. म्हणजे पहिल्या प्रकरणातील मोटारीच्या काचेविषयीचा दावा पूर्ण होण्यास सबंध पुस्तक जावे लागले, आणि तो निवेदकाच्या युक्तिवादाने पूर्ण झाला नाही, मुलाच्या उभे राहण्याने झाला. या शेवटाला ‘सुखान्त’ म्हणून मोडीत काढणे योग्य नाही. मैदानावरील प्रकरणे बाजूला ठेवून तो वाचला तर मात्र तो तसा वाटतो. ज्याने दुसऱ्या दिवसाची मजल क्रिसच्या आसनावरून वाचली असेल, त्यालाच या उभे राहण्याचे मोल कळते.

क्रिस पिर्सिग यांची १९७९ च्या नोव्हेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे हत्या झाली. ते तेविसाव्या वर्षात पदार्पणाच्या नव्हे, ते पूर्ण होण्याच्या बेतात होते. १९८४ च्या आवृत्तीला जोडलेल्या उपसंहारात पिर्सिग यांनी या मृत्यूविषयी लिहिले, आणि तेव्हापासून तो मजकूर पुस्तकाबरोबर छापला जाऊ लागला. १९७४ च्या वाचकाने लेमनचा तळ वाचला तेव्हा गटेची कविता ही एक धास्ती होती. आजचा वाचक तीच पाने शेवटच्या पानांवर काय छापले आहे हे ठाऊक असताना वाचतो, आणि त्या अंधारात निघून गेलेला मुलगा थोड्या वेळाने परत येऊन झोपी जातो या साध्या वाक्यापाशी तो थबकतो.